तसंच काहीसं

अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत माझ्या सेवापुस्तकात एकच ताकीद लागली, आणि तीही मी कचेरीत जाऊन मागून घेतलेली. ही गोष्ट सांगितली की लोक म्हणतात, केवढा हा प्रामाणिकपणा! मला ते ऐकवत नाही. म्हणून एकदा काय झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवते आहे.

मी पेडणे तालुक्यात सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. चोपड्याहून मांद्र्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत एक गाव आहे, तिथली शाळा. दोन खोल्या, मध्ये बांबूच्या तट्ट्याची भिंत, पुढे पडवी, मागे काजूची झाडं. पहिली-दुसरी माझ्याकडे. तट्ट्यापलीकडे तिसरीचा वर्ग माझ्या सोबतिणीकडे. चौथीची मुलं घेऊन मुख्याध्यापक पडवीत बसायचे. तट्टी नावालाच होती. पलीकडे कोणी पाटीवर थुंकी लावून पुसलं तरी अलीकडे कळायचं.

सोबतीण ख्रिश्चन, चोपड्याची, अगदी नदीकाठची. वडील बेळगावला नोकरीत होते, त्यामुळे तिचं सगळं शिक्षण मराठीतून झालेलं. वडील गेल्यावर ती आईला घेऊन गावच्या घरी परतली आणि नोकरीला लागली. लग्न केलं नव्हतं. मुलं मला बाई म्हणायची आणि तिला टीचर. मीही तिला टीचरच म्हणू लागले. आम्हा तिघांत सगळ्यांत चांगलं मराठी तिचं होतं. ती कविता शिकवायला लागली की तट्टीच्या या बाजूला माझी मुलं पाढे म्हणायची थांबायची. हे मला तेव्हाही माहीत होतं. मागाहून आठवलं असं नाही.

मधल्या सुट्टीत आम्ही पडवीच्या टोकाला बसून डबे उघडायचो. ती पावाचे उंडे आणायची, मी भाकरी. बोलायचो ते अर्थात कोंकणीतून. इथे मी मराठीत लिहिते आहे, पण तिची काही वाक्यं जशी कानात राहिली आहेत तशीच ठेवते.

शाळेत रोज फळ्याच्या कोपऱ्यात एक सुविचार लिहायची पद्धत होती. एक आठवडा माझा, एक तिचा. एका सोमवारी तिनं लिहिलं की तुमचं बोलणं होय असेल तर होय आणि नाही असेल तर नाही, एवढंच असावं. मुख्याध्यापकांनी विचारलं, कुठला हा? ती म्हणाली, "बायबलातला. येशूनं सांगितलेलं." त्यांनी मान हलवली. सुविचार चांगला होता, त्यात हरकत घेण्यासारखं काही नव्हतं.

मी मात्र सुट्टीत तिला डिवचलं. म्हटलं, "एवढं मोठं तुमचं बायबल, आणि त्यात हे काय? खोटं बोलू नका, हे आमच्या पहिलीतल्या पोरीलाही कळतं."

"सोपें दिसता तुका?" ती म्हणाली. "मग सांग, काल तुझ्या नणंदेनं पाठवलेली खीर कशी होती?"

"बरी होती म्हणून निरोप पाठवला."

"आवडली काय?"

"नाही. करपली होती."

"मग 'बरी होती' हे होय काय नाही?"

मी हसले. म्हटलं, "ह्याला खोटं म्हणत नाहीत गो. ह्याला रीत म्हणतात."

तिनं मग मला ते वचन नीट समजावून सांगितलं. त्या काळी लोक सारखे शपथा घ्यायचे. आकाशाची शपथ, जमिनीची शपथ, स्वतःच्या डोक्याची शपथ. कुठली शपथ पाळायची आणि कुठली मोडली तरी चालते, याचेही त्यांचे हिशेब होते. येशू म्हणाला, शपथच घेऊ नका. ज्याचा साधा शब्द लोक धरत नाहीत त्याला शपथ लागते. तुमचं होय हे होय असू द्या आणि नाही हे नाही. त्याच्या वर जे काही चढवाल ते वाईटातून आलेलं असतं.

"आमच्याकडे देवळात प्रमाण करतात," मी म्हटलं. "देवाचो सोपूत घेतात."

"आमच्याकडेही घेतात," ती म्हणाली. "सगळीकडेच घेतात. म्हणून तर सांगावं लागलं."

मला ते पटलं. किंवा पटल्यासारखं वाटलं. पुढचे काही दिवस मी घरात आणि शेजारी खरं बोलत सुटले. नणंदेला सांगितलं, खीर करपली होती. शेजारणीला सांगितलं, तुझ्या सुनेचं गाणं मला आवडत नाही. शेजारीण पंधरा दिवस बोलली नाही आणि मला त्याचा अभिमान वाटला. टीचरला हे सांगितलं तेव्हा ती पोट धरून हसली आणि म्हणाली, "ह्यात तुझं काय गेलं? लोकांचं गेलं." तेव्हा मला तिचा राग आला होता.

मग गोव्याची राजभाषा कोंकणी की मराठी, ही चळवळ पेटली. ती वर्षं ज्यांनी गोव्यात काढली त्यांना सांगायला नको. भिंती रंगल्या, रस्त्यावर झाडं तोडून आडवी टाकली, फेरीबोट बंद पडली. बसमध्ये दोन माणसं शेजारी बसली की आधी एकमेकांचा अंदाज घ्यायची. पेडणे मराठीच्या बाजूचं. माझ्या नवऱ्याचं पेडण्याच्या बाजारात वह्या-पुस्तकांचं दुकान होतं. शिगम्यातल्या नाटकांत तो दरवर्षी काम करायचा, शंभर अभंग त्याला पाठ होते. मराठीवर त्याचं प्रेम खरं होतं, त्यात पुढारीपणा नव्हता. तो सभांना जायचा, पत्रकं वाटायचा. आणि घरी आला की म्हणायचा, "माका उदक हाड गो." मी तांब्या आणून द्यायचे. यात काही विचित्र आहे असं आम्हा दोघांनाही वाटत नव्हतं.

त्याच दिवसांत टीचरच्या वर्गात शुद्धलेखन चाललं होतं. मी तट्टीच्या अलीकडे दुसरीची उत्तरं तपासत होते. तिच्या वर्गातल्या एका मुलीनं वाक्यात 'पाणी' ऐवजी 'उदक' लिहिलं. पोरं फिदीफिदी हसली. ती मुलगी रडायला लागली. टीचरनं वर्ग गप्प केला आणि म्हणाली, "उदक आणि पाणी एकच. उदक हा शब्द तर देवळात भटजीही म्हणतो. घरी जी भाषा बोलता ती तुमची भाषा, तिची लाज धरायची नाही. मराठी आपण इथे शिकायला आलोय, ती नीट शिकायची. तिचीही लाज नाही आणि हिचीही नाही. आता लिहा, पाणी."

मी शब्दन् शब्द ऐकला. मनात म्हटलंही, किती छान सांगितलं.

चार दिवसांत गावात वेगळंच फिरत होतं. टीचरनं मुलांना सांगितलं, मराठी ही तुमची भाषा नव्हे. ख्रिश्चन बाई सरकारी मराठी शाळेत बसून पोरांचे कान फुंकते. गावातल्या एका पुढाऱ्यानं पालकांच्या सह्या घेतल्या आणि तक्रार पेडण्याच्या शिक्षण कचेरीत गेली.

संध्याकाळी नवऱ्यानं मला विचारलं, "तू बाजूलाच असतेस. तसं म्हणाली काय ती?"

मी तांदूळ निवडत होते. म्हटलं, "माझी पोरं पाढे म्हणत होती."

खोटं सांग, असं त्यानं मला कधी म्हटलं नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. त्याला फक्त विचारायचं होतं आणि मी उत्तर दिलं नाही.

इथे आणखी एक गोष्ट सांगायला हवी. ही गोष्ट मी पुष्कळ वर्षं कोणाला सांगितली नाही. आमच्या शाळेचा पट घसरला होता. तिघांपैकी एक शिक्षक जादा ठरणार आणि त्याची बदली होणार, हे मुख्याध्यापकांनी आम्हा दोघींना सांगून ठेवलं होतं. टीचर माझ्याहून एका वर्षानं ज्येष्ठ. नियमानं जायची पाळी माझी होती. माझी सासू अर्धांगवायूनं माजघरात पडून होती. तिला दोन वेळा भरवायचं, कूस बदलायची, धुवायचं, सगळं मी करायचे. मुलगी दुसरीत, माझ्याच वर्गात. मला लांब टाकलं असतं तर घर बसलं असतं. टीचरची आईही म्हातारी होती आणि घरात दुसरं कोणी नव्हतं. पण माझ्या मनात तेव्हा फक्त माझं माजघर होतं.

दिवाळीनंतर भागशिक्षणाधिकारी चौकशीला आले. सोबत लिहून घ्यायला कारकून. मुख्याध्यापकांचं टेबल खोलीत आणलं, मुलांना सुट्टी दिली. बाहेर पडवीत पुढारी आणि दहा-बारा पालक. माझा नवराही त्यांत होता, खांबाला टेकून.

अधिकाऱ्यांनी आधी टीचरला विचारलं, "मराठी तुमची भाषा नव्हे, असं तुम्ही वर्गात म्हणालात?"

"नाही," ती म्हणाली. "मी म्हटलं ते असं." आणि त्या दिवशीचं सगळं बोलणं तिनं जसंच्या तसं सांगितलं. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. मुलांसमोर बोलतात त्या आवाजात.

"म्हणजे घरची ती त्यांची भाषा, आणि मराठी शिकायची. मग अर्थ तोच झाला ना?"

"नाही साहेब. अर्थ तुम्ही काढताय. मी म्हटलं ते सांगितलं."

मग त्यांनी मला बोलावलं. मी उभी राहिले. टीचर दाराजवळच्या बाकावर बसली होती, मुलांच्या बाकावर, गुडघे वर आलेले. तिच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. तिला वाटत होतं, आता संपलं. मला सगळं ऐकू गेलंय हे तिला माहीत होतं.

"बाई, तुम्ही शेजारच्याच वर्गात होता. 'मराठी तुमची भाषा नव्हे' असं त्या म्हणाल्या की नाही?"

याचं उत्तर एका शब्दाचं होतं.

मी म्हटलं, "तसंच काहीसं ऐकू आलं, साहेब. शब्द नीट कळले नाहीत. मुलं गोंधळ करत होती."

अधिकाऱ्यांनी कारकुनाकडे पाहिलं. कारकुनानं लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं, "शेजारील वर्गाच्या शिक्षिकेने तक्रारीस दुजोरा दिला." मग कागद माझ्यापुढे सरकवला. दुजोरा कुठे दिला, मी तर एवढंच म्हटलं, असं म्हणायला तोंड उघडावं असं वाटलं. उघडलं नाही. सही केली. माझी सही मोठी आहे, त्या दिवशी तर ती ओळीच्या बाहेर गेली.

टीचरकडे मी पाहिलं नाही. बाकाचा आवाज आला, एवढंच.

महिन्याभरात तिची बदली झाली, थेट काणकोणला, गोव्याच्या दुसऱ्या टोकाला. आदेशात कुठे ठपका नव्हता. जादा शिक्षक म्हणून प्रशासकीय बदली. शेवटच्या दिवशी तिनं कपाटाची किल्ली, हजेरीपट आणि तिनं स्वतः रंगवलेले तक्ते माझ्याकडे सोपवले. एकेक वस्तू मोजून. तक्त्यांवरचं तिचं अक्षर छापल्यासारखं होतं. जाताना तिनं विचारलं, "सासू बरी आसा मगो तुजी?"

म्हणजे तिला कळलं होतं. मी काय केलं ते तर कळलं होतंच, कशासाठी केलं तेही कळलं होतं.

मी म्हटलं, "आहे तशीच." ती गेली.

काणकोणहून रोज येणं अशक्य. ती तिकडे खोली घेऊन राहिली आणि शनिवारी शाळा सुटली की चार बस बदलून यायची. आई चोपडं सोडायला तयार नव्हती. शेजारचे बघायचे, पण शेजारचे ते शेजारचेच. अकरा महिन्यांनी तिनं राजीनामा दिला आणि घरी बसून बायकांचे ब्लाऊज आणि मुलींचे फ्रॉक शिवायला लागली. मला हे फेरीबोटीवर कोणीतरी सांगितलं. माझ्या हातात भाजीची पिशवी होती. ती खाली ठेवून मी कठड्याला धरून उभी राहिले.

तोवर इकडे सगळं बदललं होतं. राजभाषेचा कायदा झाला, गोवा राज्य झालं. शाळेत झेंडा लावला, पोरांना लाडू वाटले. ज्या पुढाऱ्यानं तक्रारीवर सह्या घेतल्या होत्या त्यानंच लाडवांचं ताट धरलं होतं. आम्ही जिंकलो की हरलो यावर बाजारात महिनाभर वाद चालला आणि मग लोक काजूच्या हंगामाला लागले.

त्याच वर्षी माझी सासू गेली. बारावं-तेरावं झालं, पाहुणे गेले, आणि माजघर रिकामं झालं. ज्या खाटेसाठी मी ते केलं होतं ती खाट उचलून माडीवर नेली. माजघराच्या रिकाम्या जमिनीवर बसून मी पहिल्यांदा स्वतःला सरळ प्रश्न विचारला. तू खोटं बोललीस काय? लगेच उत्तर आलं, खोटं नाही, मी तसं म्हटलंच नव्हतं, मी फक्त म्हटलं, तसंच काहीसं. आणि तेव्हा मला ते वचन कळलं. पूर्वी मला वाटायचं, ते खोटं बोलणाऱ्यांसाठी आहे. खोटं बोलणाऱ्याला निदान आपण काय करतो ते ठाऊक असतं. ते माझ्यासारख्यांसाठी होतं, जे होय आणि नाही यांच्या मधल्या फटीत जाऊन लपतात आणि तिथून बाहेर पाहतात, कोणाचं काय होतंय ते.

मी शिक्षण कचेरीत गेले. अधिकारी नवीन होते. मी लिहून नेलं होतं. मी सगळं स्पष्ट ऐकलं होतं, त्या तसं म्हणाल्या नव्हत्या, मी जाणूनबुजून संदिग्ध जबाब दिला, कारण बदली माझी व्हायची होती.

त्यांनी वाचलं, चष्मा काढला. "बाई, त्यांनी तर राजीनामा दिलाय. स्वखुशीनं. आता हे कशाला?"

"त्यांचं नाव साफ व्हावं म्हणून."

"नावाला काही लागलंच नव्हतं. प्रशासकीय बदली होती. कागदावर त्या स्वच्छ आहेत." त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "हे मी घेतलं तर डाग तुमच्यावर लागेल. परत न्या."

"नोंद करा," मी म्हटलं.

त्यांनी नोंद केली. महिन्यानं ताकीद आली. टीचरला त्याचा काडीइतका उपयोग झाला नाही. तिला नोकरीवर परत घेता येईल काय, असं मी विचारलं होतं. नियमात बसत नाही, असं उत्तर आलं.

नवऱ्याला मी जेवताना सांगितलं. तो हात धुऊन उठला. "कोणी विचारलं होतं तुला?" म्हणाला. "आम्ही सगळे खोटे ठरलो. गावात काय तोंड दाखवू?" मी म्हटलं, "तुम्ही विचारलं होतं, त्या संध्याकाळी. मी उत्तर दिलं नव्हतं." चार महिने तो माझ्याशी कामापुरतं बोलला. पुढाऱ्याकडेही मी गेले. त्यानं मला खुर्ची दिली, सरबत दिलं आणि म्हणाला, "जाऊ दे ना बाई. आता सगळं मिटलं. माझी नात तर पेडण्याला इंग्रजी शाळेत घातली." त्याला काहीच वाटलं नाही. मी त्याच्याकडे कसल्या अपेक्षेनं गेले होते, मला ठाऊक नाही.

चोपड्याला जायला मला त्यानंतरही दोन महिने लागले.

दुपारची वेळ होती. तिची आई आत झोपली होती. टीचर जनेलाच्या उजेडात मशीनवर बसली होती, गळ्यात टेप. मला पाहून तिनं पाय थांबवला. बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. कचेरीत गेले ते, लिहून दिलं ते, ताकीद लागली ते. पिशवीतून ताकिदीची नक्कल काढून तिच्यापुढे धरली. आज आठवलं की लाज वाटते. प्रगतिपुस्तक दाखवणाऱ्या पोरीसारखी उभी होते मी.

तिनं कागद हातात घेतला नाही. म्हणाली, "हें माका कित्याक दाखयता?"

मी कागद परत पिशवीत घातला.

"तुला बरं वाटावं म्हणून आलीस," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "बरं वाटलं काय?"

"नाही."

"एक विचारते. त्या दिवशी तू उभी राहिलीस तेव्हा, मी गेले तर तू राहशील, हें तुज्या मनांत आशिल्लें? होय काय न्हय?"

माझ्या ओठांवर कितीतरी आलं. सासू. मुलगी. पडवीतले लोक. नवरा खांबाला टेकून उभा होता ते. त्या दिवसांत सगळ्यांचीच डोकी फिरली होती, हे. सगळं खरं होतं.

"होय," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. जशी वर्गात बरोबर उत्तर आल्यावर हलवायची, तशी नाही. नुसती हलवली. मी वाट पाहत राहिले. तिच्या धर्मात क्षमेला मोठी जागा आहे हे मला माहीत होतं, आणि मी मनातून त्या क्षमेचीच वाट पाहत होते. तिला ते दिसलं असणार. ती म्हणाली, "माफ करावं असंही लिहिलंय. सत्तर वेळा सात. मी अजून पहिल्या वेळेशीच अडकलेय. जा तू आता, आई उठेल."

मी परत आले. नदीकाठानं बसथांब्यापर्यंत चालत. रडू आलं असतं तर बरं झालं असतं. आलं नाही.

त्यानंतर मी माझ्यापुरतं ते वचन पाळत आले. फुशारकी सांगत नाही, कारण त्यानं कोणाचं भलं झालं असं दिसलं नाही. स्थळाच्या चौकशीला आलेल्यांनी आमच्या एका नातलग मुलाबद्दल विचारलं, पितो काय? मी होय म्हटलं. लग्न मोडलं आणि ते घर आमच्याकडे यायचं बंद झालं. एका तपासणीत पटावरची मुलं खरोखर येतात काय म्हणून विचारलं, मी नाही म्हटलं, आणि मुख्याध्यापक निवृत्त होईपर्यंत माझ्याशी नीट बोलले नाहीत. लोक मला फटकळ म्हणू लागले. मुलगी म्हणायची, "आई, कधीतरी गप्प बसलीस तर काय जाईल?" मी तिला सांगायचे, मी एकदा गप्प बसले होते. तिला ते पुरायचं नाही, आणि का पुरावं?

टीचर अधूनमधून म्हापशाच्या बाजारात दिसायची. आधी ती मान वळवायची. पुढे पुढे मान हलवायची. एकदा फेरीबोटीत आम्ही शेजारी उभ्या राहिलो. तिनं माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, मी तिच्या आईची. आई गेल्याचं तिनं सांगितलं. बोट काठाला लागली आणि ती पुढे निघून गेली. ती शेवटची भेट. मग ती घर बंद करून मुंबईला भाच्याकडे गेली. तिथे असते, की नसते, मला माहीत नाही. पत्ता विचारायला गेले तर शेजारणीनं मला ओळखलं आणि माहीत नाही म्हणाली.

माझ्या निवृत्तीला गावानं समारंभ केला. शाल, नारळ, भाषणं. नव्या मुख्याध्यापकांनी माझ्या सत्यप्रियतेवर दहा मिनिटं घेतली. त्यांना ताकिदीची गोष्ट कुठून तरी कळली होती. "स्वतःच्या चुकीची शिक्षा स्वतः मागून घेणारी शिक्षिका," असं ते म्हणाले आणि मुलांना म्हणाले, ह्यांचा आदर्श ठेवा. मी उत्तराला उभी राहिले. म्हटलं, "शिक्षा मला झाली नाही. मला एक कागद मिळाला. नोकरी गेली ती दुसऱ्या बाईंची. त्या ह्या शाळेतल्या सगळ्यांत चांगल्या शिक्षिका होत्या. त्यांना मी घालवलं, तुम्ही सह्या केल्या." समोर पहिल्या रांगेत काही सह्या करणारे बसले होते, आता म्हातारे झालेले. माझा नवरा खाली बघत होता.

मग कोणीतरी टाळी वाजवली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जोरात, बराच वेळ. केवढा मोठेपणा, असं मागच्या रांगेतली एक बाई म्हणालेली मला ऐकू आलं.

पुढच्याच वर्षी पटावर तीन मुलं उरली आणि शाळा बंद झाली. गावची पोरं आता सकाळी पिवळ्या बसनं पेडण्याला जातात. इमारत उभी आहे. मधली तट्टी काढून टाकली. आत मंडपाच्या खुर्च्या ठेवतात, आणि निवडणूक आली की तेवढ्यापुरती जागा झाडून घेतात.